क्रूझवरच्या दोन फॉर्मल नाइटसाठी सूट भाड्याने घ्यावा की शिवावा?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे काही सुटलं असेल तर कळेल. मे महिन्यात बार्सिलोनाहून ७ रात्रींची क्रूझ, त्याच्या आधी-नंतर थोडं फिरणं, म्हणजे एकूण १२ दिवस घराबाहेर. जहाजावर दोन फॉर्मल नाइट आहेत, म्हणजे जेवायला नटून-थटून यायच्या संध्याकाळी. मिस्टरांकडे लग्नातला १८ वर्षांपूर्वीचा सूट आहे पण पँट लागत नाही, मुलगा १५ वर्षांचा आहे, तुम्हाला पैठणी न्यायची आहे. आणि विचारताय की पुण्यातून सूट भाड्याने न्यावा का शिवून घ्यावा, आणि हे सगळं चुरगळल्याशिवाय तिथपर्यंत पोचवायचं कसं.

माझं लक्ष्मी रोडला आतल्या गल्लीत टेलरिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची १० वर्षं सूट, शेरवानी, जोधपुरी भाड्यानेही देतो. तुम्ही भाड्याने घ्या किंवा शिवा, दोन्हीत माझा धंदा आहे, त्यामुळे एकाच बाजूला ओढायचं मला काही कारण नाही. क्रूझ मी स्वतः एकदाच केली, सिंगापूरहून ४ रात्रींची, बाकीचं जे सांगतोय ते जाऊन आलेल्या गिऱ्हाइकांचे कपडे परत हातात घेऊन, त्यांच्याशी बोलून शिकलोय.

पहिली गोष्ट, बहुतेक लोक "सूट कितीला पडेल" इथून सुरुवात करतात पण खरा हिशोब दिवसांचा आहे. भाडं हे कपडा अंगात किती तास होता त्याचं नसतं, दुकानातून बाहेर किती दिवस होता त्याचं असतं. लग्नाला हे बरोबर बसतं, आदल्या दिवशी न्या, दुसऱ्या दिवशी परत आणा. क्रूझला तुम्ही सूट घालणार दोन संध्याकाळी मिळून ७-८ तास, आणि भाडं भरणार निघायच्या आदल्या दिवसापासून परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे १४ दिवसांचं. माझ्या दुकानाचेच दर सांगतो, टू-पीस सूट ३ दिवसांना २,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला ३००. १४ दिवसांचे झाले ५,३००, डिपॉझिट वेगळं. आणि तसाच नेव्ही ब्लू सूट चांगल्या टेरीवूलमध्ये (लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड) शिवायचा तर कापड सव्वातीन मीटर लागतं, १,२०० रुपये मीटरने धरलं तर ३,९००, माझी शिलाई ७,०००, म्हणजे १०,९००. अंगकाठी मोठी असेल तर कापड थोडं जास्त लागेल. दुकान बदललं की आकडे बदलतील पण प्रमाण साधारण असंच राहतं, भाडं शिवण्याच्या निम्मं. निम्मे पैसे देऊन शेवटी हातात काही राहत नाही, आणि शिवलेला सूट पुढच्या चार रिसेप्शनला तरी घातला जातोच.

त्यात दुसरी एक अडचण आहे जी तुमच्या लक्षात आली नसेल, ती म्हणजे मे महिना. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे भर लग्नसराई, भाड्याच्या सूटमधले ४० आणि ४२ छातीचे चांगले पीस मार्चमध्येच बुक झालेले असतात. आणि त्या दिवसांत मी एक कोट १४ दिवस तुम्हाला दिला तर तेवढ्यात तोच कोट ४ लग्नांना गेला असता, त्यामुळे बरेच दुकानदार लांब मुदतीला सरळ नाही म्हणतात किंवा दर चढवतात, आणि जो पीस उरलेला असतो तोच पुढे करतात. हीच क्रूझ चातुर्मासात असती, मुहूर्त नाहीत, कपाटं भरलेली आहेत, तर मी स्वतः तुम्हाला कमी दरात दिला असता आणि माझं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

तिसरी गोष्ट जोखीम. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मी चारकोल ग्रे सूट दिला होता, युरोपलाच निघाले होते, विमान बदलताना बॅग मागे राहिली आणि ४ दिवसांनी मिळाली. सूट गहाळ झाला नाही पण दोन्ही फॉर्मल नाइट उलटून गेल्या होत्या. भाडं तर पूर्ण द्यावं लागलंच, वर ४ दिवस तो माणूस "तुमचा सूट गेला तर किती भरायचे" हे विचारायला मला मेसेज करत होता. परदेशातल्या सुट्टीत दुसऱ्याच्या वस्तूची काळजी डोक्यावर घेऊन फिरायचं, हे मला खरंच नको वाटतं. वाइनचा डाग पडला तर वेगळंच.

मग भाड्याने कधी घ्यावा? जिथे टक्सीडोच पाहिजे तिथे. टक्सीडो म्हणजे लॅपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटलेल्या पट्ट्यांवर, सॅटिन असतं आणि पँटच्या बाजूने सॅटिनची पट्टी, तो पुण्याच्या रिसेप्शनला पुन्हा कुणी फारसा घालत नाही, त्यामुळे शिवून पैसे अडकवण्यात अर्थ नाही. पण तुम्हाला तो लागणार आहे का हे आधी बघा, कारण इथे सगळं कंपनीवर अवलंबून आहे आणि तुम्ही कंपनी लिहिलेली नाही. क्युनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश वळणाच्या जहाजांवर गाला इव्हनिंगला लोक खरोखर टक्सीडोत येतात, तरी तिथेही गडद सूट चालतो. नॉर्वेजियनसारख्या कंपनीत फॉर्मल नाइटची सक्तीच नाही. बाकीच्या मोठ्या कंपन्या या दोघांच्या मधे कुठेतरी आहेत, गडद सूट किंवा ब्लेझर-टाय असला की कुणी वळून बघत नाही. आणि कुठेही गेलात तरी ज्याला नटायचंच नाही त्याला बुफेत जेवता येतं, उपाशी कुणी राहत नाही. काही जहाजांवर आधी मापं कळवली तर तिथेच सूट भाड्याने मिळतो, तसं असेल तर बॅगेचं वजनही वाचतं. म्हणून कापड घेण्याआधी तुमच्या बुकिंगच्या कागदात ड्रेस कोडचं पान शोधा, नसेल तर एजंटकडून लेखी मागवा, तोंडी "काही पण चालतं हो" यावर जाऊ नका.

आता मिस्टरांचा जुना सूट. तो बाद आहे असं तुम्ही गृहीत धरलंय, मी धरणार नाही. पँट लागत नाही हे कारणच नव्हे, चांगल्या टेलरने शिवलेल्या पँटमध्ये मागच्या शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते, कंबर दीड-दोन इंच सहज वाढते. उलटी करून बघा, आत किती कापड दुमडलेलं आहे ते दिसेल. कोटाला बाजूच्या शिवणीत थोडी माया असते, बाह्या लांब-आखूड होतात. फक्त खांदा बसला पाहिजे, खांदा उसवायचा म्हणजे बाही, मुंढा, अस्तर सगळंच उसवायचं, तेवढ्या मजुरीत नवीन शिवायच्या जवळ जाता. खांदा तपासायची साधी रीत, कोट घालून भिंतीला बाजूने टेकून उभं राहायचं. दंड आधी भिंतीला लागला तर ठीक, कोटाचा खांदा आधी लागून दबला तर कोट मोठा आहे. दुसरं, छातीवरून हात फिरवून बघा, कापडाला फोड आल्यासारखं लागतंय का. कोटाच्या आत जे फ्युजिंग चिकटवलेलं असतं त्याचा गोंद सुटला की असे बुडबुडे येतात, ते परत नीट बसत नाहीत, मग त्या कोटावर खर्च करू नका. आणि उजेडासमोर धरून कसर लागली आहे का ते बघा, एखादं भोक असेल तर रफू होतो. हे तिन्ही ठीक निघालं तर हजार-दीड हजारात तुमचं काम होऊन जाईल आणि मला त्यातच जास्त आनंद होईल, लग्नातला सूट पुन्हा अंगावर येणं ही चांगली गोष्ट आहे.

शिवायचाच असेल तर माझा कल बंदगळ्याकडे आहे, आणि हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक क्रूझवाल्याला सांगतो. बहुतेक मोठ्या कंपन्या फॉर्मल नाइटला आपला राष्ट्रीय पोशाख मान्य करतात, बंदगळा त्यात व्यवस्थित बसतो, टाय लागत नाही, आत कुठला शर्ट आहे हा प्रश्न येत नाही, कफलिंक लागत नाहीत, म्हणजे बॅगेतल्या तेवढ्या वस्तू कमी. वर तो काळ्या किंवा नेव्ही रंगात साध्या बटणांचा घेतला तर इथे मुंजीला, रिसेप्शनला, ऑफिसच्या कार्यक्रमाला सगळीकडे चालतो. एकच काळजी, कॉलरला एक बोट आत जाईल एवढी ढिलाई ठेवायला सांगा आणि ट्रायलला उभं राहून नाही तर खुर्चीवर बसून, मान खाली घालून बघा, कारण जहाजावरचं जेवण दीड-दोन तास चालतं. वेल्वेट मात्र घेऊ नका, बॅगेत दाबलं की त्याची लव बसते ती बसतेच.

कापडाबद्दल नीट सांगतो कारण प्रवासात निम्मा खेळ कापडाचा असतो. लोकरीच्या धाग्याला स्वतःची उसळी असते, घडी पडली तरी रात्रभर टांगून ठेवलं की बरीचशी जाते. स्वस्त टी.आर. (पॉलिएस्टर-व्हिस्कोस) कापडाला नवीन असताना चकाकी छान दिसते पण गरम बॅगेत दाबून बसलेली घडी हट्टी असते. आणि दुकानात सुपर १५०, सुपर १८० असे आकडे दाखवतात ते जितके मोठे तितका धागा बारीक, हाताला मऊ लागतो पण लवकर चुरगळतो. प्रवासाला तो नको. टेरीवूल किंवा सुपर १०० च्या आसपासचं वर्स्टेड (गुळगुळीत विणीचं लोकरी सुटिंग) भरपूर झालं, लक्ष्मी रोडला आणि रविवार पेठेत कापड गंजात दोन्ही मिळतं. दुकानात उभ्या उभ्या कापडाचं टोक मुठीत १० सेकंद घट्ट आवळून सोडा, सुटल्यावर कसं उलगडतं ते बघा, सेल्समनच्या सांगण्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा. भूमध्य समुद्रात मे महिन्यात संध्याकाळी बऱ्यापैकी गार असतं आणि डायनिंग हॉलमध्ये एसी, त्यामुळे पुण्याचा मे डोळ्यासमोर ठेवून लिनन घेऊ नका.

ऑर्डर मात्र मार्चच्या मध्याच्या आत द्या. एप्रिलमध्ये कुठल्याही बऱ्या टेलरकडे कारागिरांवर लग्नाच्या सूटचा ढीग असतो आणि घाईत दुसरी ट्रायल खाल्ली जाते, कोटाला दोन ट्रायल लागतातच, एक कच्च्या टाक्यावर आणि एक जवळजवळ तयार झाल्यावर.

मुलासाठी काहीही भाड्याने घेऊ नका आणि सूटही शिवू नका. १५ व्या वर्षी मुलगा मार्चमध्ये दिलेल्या मापात मे महिन्यात बसेल याची खात्री मी देणार नाही. गडद पँट, पांढरा पूर्ण बाहीचा शर्ट, आणि वाटलं तर वडिलांच्याच कापडातून एक जाकीट, ज्याला मागे ओढायची पट्टी असते, ते दोन वर्षं पुरतं. बहुतेक जहाजांवर त्याच्या वयाची मुलं याहून साधीच येतात.

आता तुमची पैठणी. साडी शंभर टक्के चालते, आणि खरं सांगायचं तर साडीइतका प्रवासाला सोयीचा फॉर्मल कपडा दुसरा नाही, घडी घालून सपाट होते आणि वजन कमी-जास्त झालं तरी साडी अंगाला बसतेच. पण भरजरी पैठणी दोन्ही रात्री नेऊ नका. एक पैठणी आणि एक हलकी सिल्क किंवा जॉर्जेट. पैठणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, धुतलेल्या मलमलच्या कपड्यात गुंडाळा, जर आतल्या बाजूला येईल अशी घडी घाला आणि नेहमीच्या घडीवरच पुन्हा घडी नको, त्याच रेषेवर रेशीम चिरतं. परफ्यूम साडी नेसायच्या आधी लावा, जरीवर फवारा उडाला की ती काळी पडते. हल्ली पुण्यात साडी प्रीप्लीट करून बॉक्स फोल्ड करून देतात, निऱ्या आणि पदर आधीच बसवलेले असतात, केबिनमध्ये जागा कमी आणि आरसा एकच, तेव्हा हे काम फार उपयोगी पडतं, निघायच्या दोन-तीन दिवस आधी करून घ्या. डेकवर फोटोला जाणार असाल तर वारा असतो, पदराला जास्तीच्या दोन पिना ठेवा, आणि पेन्सिल हील नको, जहाज हलकं का होईना हलतं, रुंद टाचेची चप्पल बरी.

भरण्याबद्दल. कोटाचा एक खांदा उलटा करा म्हणजे अस्तर बाहेर येईल, दुसरा खांदा सुलटाच त्या उलट्या खांद्याच्या आत बसवा, आता कोट उभा अर्धा झाला आणि बाहेरून सगळीकडे अस्तरच. त्याच्या मधे दोन टी-शर्ट गुंडाळी करून ठेवा आणि त्यांच्याभोवती कोट आडवा एकदाच दुमडा, म्हणजे घडीला धार येत नाही, गोलाई येते. मग हे सगळं ड्रायक्लीनिंगच्या पातळ पिशवीत घाला, प्लॅस्टिकवरून कापड घसरतं, घासत नाही. बॅगेत सगळ्यात वर. बंदगळ्याच्या कॉलरमध्ये मोज्यांची गुंडाळी घाला, कॉलर चेपली की तिचा आकार परत आणायला वाफेची इस्त्री लागते. पँट क्रीजवर घडी घालून बॅगेच्या तळाशी अशी पसरा की अर्धी बाहेर लोंबेल, वर बाकी कपडे भरा, मग लोंबणारी बाजू त्यांच्यावर दुमडा. हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या स्वेटरला ठीक आहेत, कोटाला अजिबात नको. परीटघडीचे शर्ट पुठ्ठ्यासकट न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, इस्त्री नेऊ नका. बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर दोन्हीला बंदी असते, आगीच्या भीतीने, चढताना स्कॅनमध्ये सापडली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. काही जहाजांवर लॉन्ड्री रूममध्ये इस्त्री असते, काहींवर नसते, तिथे पैसे देऊन प्रेस करून मिळतं, पण फॉर्मल नाइटच्या दिवशी सगळेच देतात म्हणून चढल्याच्या पहिल्या संध्याकाळीच देऊन टाका. नाहीतर कोट बाथरूममध्ये टांगा, गरम शॉवर १० मिनिटं चालू ठेवा, मग कोट बाहेर काढून हाताने खालच्या दिशेने निरपून रात्रभर टांगा. पाणी उडू देऊ नका आणि ओला कोट लगेच घालू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाने बायकोच्या केस सरळ करायच्या मशीनने लॅपल दाबली, कापडात पॉलिएस्टर होतं, बोटभर चकचकीत पट्टा उठला तो अजून तसाच आहे.

आणि एक, बंदरावर चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि केबिनपाशी संध्याकाळपर्यंत, कधी उशिरानेही पोचवतात. पहिल्या रात्री सहसा फॉर्मल नसतं, तरी पहिल्या संध्याकाळचे कपडे, औषधं आणि जमलं तर सूट हातातल्या बॅगेत ठेवा. विमानातही तसंच. मी वर सांगितलेल्या गिऱ्हाइकाने तेवढं केलं असतं तर निदान सूट त्याच्याजवळ असता. केबिन बॅगेत बहुधा ७-८ किलोच चालतं, सूट दीड ते दोन किलो, बूट एक-सव्वा किलो, म्हणून मिस्टरांनी काळे बूट विमानात पायातच घालावेत. नवीन घेतले असतील तर आधी दोन आठवडे ऑफिसला वापरून मऊ करावेत, आणि तळवा रबराचा असावा, जहाजाच्या पायऱ्यांवर चामड्याचा घसरतो.

जुना सूट दुरुस्त करायचा ठरला तर तो आजच कपाटातून काढा आणि सावलीत वाऱ्यावर टांगा, उन्हात नको. १८ वर्षांचा डांबरगोळ्यांचा वास एका दिवसात जात नाही, आणि बंद डायनिंग हॉलमध्ये तो शेजारच्या टेबलापर्यंत जातो. वास गेल्यावरच ड्रायक्लीनिंगला द्या, आणि त्याच्या आधी टेलरकडून माया किती आहे ते बघून घ्या. दुरुस्ती आधी आणि ड्रायक्लीनिंग नंतर, कारण शिवण उसवल्यावर जुन्या टाक्यांची रेघ दिसते, ती धुऊन आणि वाफेवर प्रेस करूनच जाते. कंपनीचं नाव आणि खांद्याची तपासणी काय निघाली ते कळवा, मग कापडाबद्दल नेमकं सांगता येईल.